ऑपरेटरबाईंची खुर्ची

ऑपरेटरबाईंनी गच्चीच्या कठड्याला गुडघा टेकवला, तारेच्या सांध्यावरची चिकटपट्टी नखाने उकलली आणि तांब्याचा रंग नीट दिसावा म्हणून चष्मा कपाळावर सरकवला. सांधा नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा लखलखत होता. बाईंना त्याचा रागच आला. दोष सापडावा म्हणून कंबरदुखी विसरून इतक्या वर चढावे आणि दोषाने असे निष्पाप तोंड करून समोर यावे, हे त्यांना अन्यायाचे वाटले.

शिडीच्या पायथ्याशी मास्तर उभे होते. हे बाईंचे यजमान. आसपासच्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांनी बेतलेले, म्हणून सारे त्यांना मास्तर म्हणत. मापाची टेप आताही गळ्यात होती. शिडी त्यांनी दोन्ही हातांनी अशी धरली होती, जणू ती पळून जाणार होती. बाईंनी खाली पाहिले तेव्हा त्यांचे ओठ हलले आणि बाईंनी ते वाचले.

"सापडलं?"

"कुठलं! इथं सगळं सोन्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. "माझंच नशीब पितळेचं."

बाईंचे कान गेले ते एखाद्या सभ्य पाहुण्यासारखे, निरोप घेत घेत. आधी पाखरे गेली, मग दाराची घंटा, मग टेलिफोन आणि शेवटी माणसे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी दूरध्वनी केंद्रात परगावचे कॉल जोडण्यात घालवली होती. खरखरीच्या ढिगातून नाव तेवढे वेचून काढणारा कान म्हणून त्यांची ख्याती होती, आणि हौशी रेडिओच्या क्लबात त्या आल्या तेव्हा 'ऑपरेटरबाई' ही पदवीही त्यांच्यामागोमाग आली. कानातले यंत्र त्यांनी आणून पाहिले. त्यातून आवाज येई, शब्द येत नसे. "नुसत्या चिंध्या, कापड कुठं आहे?" असे म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिले.

परंतु शब्द हा आकाशाचा गुण आहे, असे जुने शास्त्रकार सांगतात. तो कानाचा गुण आहे असे कोणी सांगितलेले नाही. हौशी रेडिओत एक पद्धत अशी आहे की तीत बोलावे लागत नाही आणि ऐकावेही लागत नाही. संगणकावर अक्षरे टाइप करावीत. यंत्र ती दोन स्वरांच्या वेणीत गुंफून हवेत सोडते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी संगणक ती वेणी उलगडून अक्षरे पुन्हा मांडतो. पडद्यावर निळे पाणी झरत राहते आणि त्यात जिथे पिवळ्या रेघांची जोडी उमटते, तिथे कोणी तरी बोलत असते. या पद्धतीची जागतिक स्पर्धा शनिवारी दुपारी सुरू व्हायची होती. जितकी अधिक आणि जितक्या दूरची केंद्रे गाठावीत, तितके गुण. एकमेकांना रेडिओवरचे आपले नाव, म्हणजे कॉलसाइन, कळवायचे, एक क्रमांक द्यायचा, एक घ्यायचा. तो बरोबर पोचला की आभार, आणि पुढचा.

स्पर्धा क्लबही खेळणार होता. क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कोवळ्या वयात त्यांना रेडिओची मुळाक्षरे बाईंनीच गिरवायला लावली होती, आणि अगदी परवापर्यंत बाई त्यांना 'अरे' म्हणत. परवाच्या सभेत मात्र डॉक्टरांनी फळ्यावर खडूने लिहिले होते, 'यंदा बाई आपल्या सन्माननीय मार्गदर्शक.' खाली एक खुर्ची काढली होती. डॉक्टरांची चित्रकला बरी होती. खुर्चीला हातदेखील होते.

"म्हणजे सेटवर मी नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी फळ्यावर लिहिले, 'सेटवर तरुण मंडळी. तुम्ही शेजारी.'

"शेजारी बसून काय करू? कोणाचा चहा बिनसाखरेचा ते सांगू?"

सभेत हशा पिकला असावा; माणसांचे खांदे हलताना बाईंना दिसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला, क्षणभर हातातच धरला आणि मग एका दमात लिहून टाकले, 'ज्याला आपला सिग्नल ऐकू येत नाही, त्याला तो हवेत काय करतो आहे हे कसं कळावं?'

बाई उठल्या. त्यांनी फळ्याजवळ जाऊन त्या खुर्चीचे चारही पाय पदराने पुसून टाकले.

"या पद्धतीला डोळे लागतात आणि बोटं लागतात, डॉक्टर. माझी दोन्ही शाबूत आहेत. शनिवारी दुपारी मी माझ्या घरून, माझ्या कॉलसाइनने खेळणार. स्पर्धेत माझ्या सिग्नलबद्दल एक तक्रार जरी रास्त निघाली, तरी सेट उचलून इथं आणून ठेवीन आणि तुम्ही म्हणाल त्या खुर्चीत बसेन. पुन्हा हूं की चूं करणार नाही."

'डॉक्टर' आणि 'तुम्ही' हे शब्द ऐकताच अध्यक्षांनी मान खाली घातली, हेही बाईंनी पाहिले होते.

आणि आता, स्पर्धा दाराशी आली असताना, सिग्नल आजारी होता. आजार तरी कसा? धड ताप नाही, धड आराम नाही. बाई चाचणीसाठी हाक देत. एखादे दूरचे केंद्र पहिल्या फटक्यात सगळे बरोबर उतरवून घेई, लगेच दुसरे तीच ओळ पुन्हा मागे, तिसऱ्याला बाईंच्या नावातली दोन अक्षरे भलतीच दिसत. घटकाभर सारे सुरळीत, की पुन्हा तेच. सेट नवा होता. म्हणजे बाईंना नवा. जुन्या सेटने गेल्या हिवाळ्यात राम म्हटला, तेव्हा दुसऱ्या एका हौशी माणसाकडून त्यांनी हा घेतला होता. बाईंनी विजेची जोडणी तपासली, जमिनीत गाडलेली तार उकरून पाहिली, संगणकाची केबल बदलली. आता गच्चीही झाली.

कामाची खोली एकच होती आणि तीत दोन संसार मांडलेले होते. भिंतीशी बाईंचे टेबल, त्यावर सेट आणि संगणक. बाईंच्या पाठीमागे, खिडकीच्या उजेडात, मास्तरांचे शिलाई मशीन. दुकान सोडल्यावर मास्तर घरीच थोडेफार काम करीत. एके काळी हा माणूस बोलका म्हणून प्रसिद्ध होता. गिऱ्हाइकाच्या छातीचे माप घेता घेता ते असे काही सांगत की गिऱ्हाईक हसे आणि माप चुके, मग ते पुन्हा घ्यावे लागे. रात्री दिवा मालवल्यावरही त्यांची गोष्ट चालू असायची आणि बाई म्हणायच्या, "अहो, गोष्टीला गाठ मारा आता." पुढे बाईंचे कान गेले आणि घरातले बोलणे आटले. जे सांगायचे ते मास्तर समोर येऊन, गळ्याच्या शिरा ताणून सांगत. "जेवायला!" "दार!" "औषध!" त्यामुळे बाईंना काही कळण्याआधी ते सगळ्या गल्लीला कळे. ओरडून विनोद सांगता येत नाही. ओरडून लाडही करता येत नाहीत. बाईंना हे समजत होते. त्यांनी कधी तक्रार केली नाही. बहिऱ्या माणसाच्या घरात दुसराही हळूहळू मुका होतो, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते आणि ते दुःख घडी करून, खालच्या कप्प्यात ठेवावे तसे ठेवून दिले होते.

गच्चीवरून उतरल्यावर बाईंनी संशयाने मशीनच्या मोटरकडे पाहिले. मोटरी फार खट्याळ असतात. त्या रेडिओत कचरा टाकतात. बाईंनी नुसते बोट दाखवले. मास्तरांनी एक शब्द न बोलता मोटरचा पट्टा काढला, जुना पायटा पुसला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पायाने मशीन हाकायला सुरुवात केली. बाई वळून पडद्याकडे पाहू लागल्या. त्यांनी हाक दिली. पलीकडच्याने पुन्हा विचारले. पुन्हा पाठवले, पुन्हा विचारले.

शुक्रवारी मास्तर शिवून झालेले कपडे पोचवायला बाहेर गेले. ते गेले आणि सिग्नलने जादूच केली. एकामागून एक केंद्रे पहिल्या हाकेला ओळ बरोबर परत करू लागली. बाईंचे डोळे चमकले. मास्तर परतले, चपला काढून आपल्या जागी बसले, आणि पुढच्याच हाकेला कुठल्याशा बेटावरच्या माणसाने बाईंचा क्रमांक तीनदा विचारला.

बाई खुर्चीत गर्रकन वळल्या.

"अहो, तुम्ही बाहेर गेलात की हा गुणी बाळासारखा वागतो. तुम्ही आलात की अंगात येतं याच्या. काय करता काय तुम्ही?"

मास्तरांचा पाय पायट्यावर थबकला. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. हातात फक्त एक बाही होती.

"काही नाही!" ते ओरडले. मग जरा थांबून, तितक्याच मोठ्याने, "उद्या मी बागेत जाऊन बसू?"

"बसा की! घरच्या माणसाला हाकलून मिळवलेले गुण कोणाला दाखवू मी? त्यापेक्षा ती खुर्ची बरी."

एवढे बोलून बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या खऱ्या, पण 'खुर्ची बरी' हे शब्द तोंडून निसटले म्हणून त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दिवेलागणीपर्यंत सेटचे एकेक टोक सोडवून पुन्हा आवळले.

शनिवारी सकाळी दारावरचा दिवा लुकलुकला. घंटेच्या जागी तो बाईंनीच बसवला होता. दारात दातांचे डॉक्टर उभे होते. हातात हेल्मेट, कपाळावर घाम.

"या," बाई म्हणाल्या. "सेट न्यायला टेम्पो आणलात की पाठीवर नेणार?"

डॉक्टर काही तरी बोलले. बाईंनी हात हलवला.

"तुमच्या मिशीतून शब्द गाळून येतात, चोथा तेवढा आतच राहतो. कितीदा सांगितलं, एक तर मिशी काढा, नाही तर बोलू नका. इथं लिहा."

त्यांनी डॉक्टरांना आपल्या खुर्चीत बसवले आणि पडद्यावरची पाठवायच्या मजकुराची चौकट उघडून दिली. डॉक्टरांची बोटे कळफलकावर गेली, तशी बाईंनी त्यांचे मनगट धरले.

"पाठवायची कळ दाबू नका म्हणजे झालं. नाही तर आपलं भांडण सगळ्या खंडांत पोचेल."

डॉक्टरांनी रोमन अक्षरांत आपली भाषा लिहिली, 'तेच सांगायला आलो आहे.' मग त्यांनी टाइप करणे थांबवून सेटच्या पुढच्या बाजूला, टेबलाच्या कडेच्या आकड्यावर लटकलेल्या मायक्रोफोनकडे बोट दाखवले.

बाईंनी त्याकडे पाहिले आणि त्यांना एकदम सगळे कळले. जुन्या सेटमध्ये संगणकाची केबल मायक्रोफोनच्याच खोबणीत बसत असे; एक लावायचे तर दुसरा काढावाच लागे. दोघांना एका वेळी घरात जागा नव्हती. वर्षानुवर्षे तीच सवय हाताला. या सेटची केबल मागच्या बाजूला होती आणि मायक्रोफोन पुढे आपल्या जागी सुखाने नांदत होता. सेटचे बटण 'डेटा'च्या खुणेवर असते तर त्याने मायक्रोफोन आपण होऊन बंद केला असता. पण जुन्या सवयीने बाईंनी ते आवाजाच्या खुणेवरच ठेवले होते. म्हणजे बाई हाक देत तेव्हा दोन स्वरांच्या वेणीबरोबर या खोलीतला प्रत्येक आवाज आकाशात जात होता. वेणीत काडीकचरा अडकत होता. पलीकडच्यांना ओळ पुन्हा मागावी लागत होती ती त्यामुळे.

बाईंनी मायक्रोफोन आकड्यावरून काढून हातात घेतला.

"म्हणजे तुमचं खरं ठरलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. लिहिले, 'ऐकू येत असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.'

"आणि तुम्हाला ऐकू येतं ना? मग गेल्या वर्षी तुमच्या संगणकावर टपाल आलं की त्याची टिंगटिंग अख्ख्या रेडिओपट्ट्यावर वाजत होती, ती कोणाला कळली नाही? त्या परदेशातल्या माणसाने 'तुमच्या दारावर कोणी आलंय, आधी ते उघडा' असं लिहून पाठवलं तेव्हा कळलं. तेव्हा काय कान चरायला सोडले होते?"

डॉक्टरांच्या मिशीखाली हसू फुटले ते मात्र बाईंना स्पष्ट वाचता आले. बाईंनी मायक्रोफोनच्या टोकाची कडी फिरवली, तो ओढून काढला आणि खणात टाकला. बटण 'डेटा'वर नेले.

"झालं. याला कान लागले नाहीत, हात लागला. स्पर्धेत तक्रार केली असतीत तर मी त्या खुर्चीत असते. आत्ताच का आलात?"

डॉक्टरांनी उत्तर लिहायला घेतले, खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. बाई कंटाळल्या.

"बरं, ते राहू द्या. जात काय होतं हवेत? मशीनची खडखड?"

मास्तर इतका वेळ मशीनपाशी उभे होते. ते एकाएकी पाणी आणायला आत गेले.

'मास्तर,' डॉक्टरांनी लिहिले.

"मास्तरांचं काय?"

'मास्तर बोलतात.'

"मास्तर कुठे बोलतात?" बाई हसल्या. "तेही माझ्यासारखेच झाले आहेत. एक कानाने गेली, दुसरा तोंडाने."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे पाहिले, मग पडद्याकडे वळून हळूहळू लिहिले, 'दिवसभर बोलतात. तुमच्याशी.'

बाईंनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

डॉक्टर लिहीत राहिले. आता त्यांची बोटे अडखळत नव्हती. 'शेजारच्या बाईंच्या मुलीचं माप वाढलं आहे पण ती कबूल करत नाही, म्हणून तिला न सांगता आत कापड सोडून ठेवलंय, हे सांगत होते. मग विचारलं, बरं केलं ना? मग आपणच म्हणाले, तू हो म्हणाली असतीस. दुकानातल्या जुन्या गोष्टी सांगतात. एक सांगून झाली की थोडं थांबतात. जणू तुम्ही हसाल. एकदा म्हणाले, तोंडापेक्षा तुझी पाठच बरी, उलट बोलत नाही. माझ्याविषयीही पुष्कळ बोलले. कोणाकोणाच्या दाढा कशा उपटल्या जाव्यात यावर. ते मी लिहिणार नाही.'

बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला.

'चाचणीच्या वेळी तुमचा सिग्नल तपासायला म्हणून आम्ही क्लबात सेट लावला. तुम्ही हाक दिलीत की तेवढा वेळ त्यांचं बोलणं ऐकू यायचं. मग तुटायचं. पुढच्या हाकेला गोष्ट पुढे गेलेली असायची. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बंद झालं असतं. कोणी सेट बंद करेना. आमची तयारी तशीच राहिली.' डॉक्टर थांबले, आणि मग शेवटची ओळ लिहिली, 'आज दुपारी सगळं जग ऐकेल, म्हणून आलो. त्यांना भाषा कळणार नाही. तरी.'

त्यांनी लिहिलेले सगळे निवडले आणि एका कळीने पुसून टाकले. चौकट पुन्हा कोरी झाली. ते उठले.

"अरे, थांब," बाई म्हणाल्या. आपण 'अरे' म्हणालो हे त्यांच्या ध्यानातही आले नाही, डॉक्टरांच्या आले. "चहा तरी घे."

डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटले.

"मग पळ. आणि दुपारी क्लबावरून मला हाक मारायला विसरू नका. गुणांची गरज तुम्हाला आहे."

मास्तर पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुणा निघून गेला होता. आता पेल्याचे काय करावे हे त्यांना कळेना. बाईंनी पेला त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच पाणी प्यायल्या.

"काय हो," त्या म्हणाल्या, "मला न सांगता मलाच सांगता?"

"काही नाही!" मास्तर ओरडले. "आपलं उगीच!"

"ओरडू नका. अर्ध्या जगाला ऐकू गेलंय, आता गल्लीला पुन्हा कशाला?"

मास्तरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी टेप गळ्यातून काढली, हातावर गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. स्पर्धेला फार अवकाश नव्हता. सेट व्यवस्थित होता, बटण जागेवर होते, बांधून ठेवलेली वाक्ये कळींवर तयार होती. नुसते बसायचे बाकी होते. बाईंनी पदर खोचला, टेबलाखाली वाकून विजेचे बटण बंद केले आणि एकामागून एक केबली ओढून काढायला सुरुवात केली.

मास्तर धावत समोर आले. "अगं, आत्ता?"

"आत्ताच. ते टोक धरा. टेबलाचे पाय आपटू नका, वर सेट आहे."

टेबल भिंतीपासून सुटले ते एखाद्या हट्टी दाढेसारखे, आधी एक कोपरा, मग दुसरा. मास्तरांनी मशीन थोडे मागे घेतले, बाईंनी ते तिरपे करून उजेडाकडे वळवले. मग टेबल उलटे फिरवून खोलीच्या मधोमध आणले. गच्चीवरून येणारी तार आखूड पडली, तिला दुसरा तुकडा जोडावा लागला. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या, कथील वितळवायची डाखणी तापवली आणि घड्याळाकडे पाठ करून सांधा डाखला. तो घाईत करायचा नसतो. घाईत केलेला सांधा आतून थंड राहतो आणि ऐन वेळी दगा देतो. या विद्येत बाई ज्यांना घडवीत त्यांना हेच आधी शिकवीत, आणि आज घाई करायला त्यांना स्वतःलाही परवानगी नव्हती.

त्या खुर्चीत बसल्या तेव्हा स्पर्धा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. पडदा उजळला. निळ्या पाण्यात पिवळ्या रेघांची झुंबड उडाली होती. पेरणी झालेल्या शेतासारखा पट्टा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरला होता. बाईंनी एक अरुंद मोकळी जागा हेरली, तिच्यात आपली रेघ रोवली आणि आपल्या कॉलसाइनने हाक दिली.

पहिले उत्तर आले. क्रमांक बरोबर. पुन्हा विचारणा नाही. दुसरे आले, तेही तसेच. बाईंच्या बोटांना जुना वेग आठवला. कळ, नोंद, कळ; पुढचा. दूरच्या एका बर्फाळ मुलखातल्या केंद्राने इतक्या क्षीण सिग्नलवर हाक मारली की पडद्यावर रेघ दिसेना, नुसता ओरखडा दिसला. बाईंनी तोही सोडला नाही. मग एकदम चार हाका एकमेकांवर आदळल्या आणि त्यांत क्लबाचे कॉलसाइन होते. बाईंनी आधी इतर तिघांना घेतले. क्लब थांबला. त्याची पाळी आली तेव्हा बाईंनी त्यालाही इतरांसारखाच क्रमांक दिला, इतरांसारखेच आभार मानले, आणि क्लबाने एकही अक्षर पुन्हा न विचारता ते उतरवून घेतले.

"घ्या," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "करा आता तक्रार."

त्यांनी सेटच्या माथ्यावरून समोर पाहिले. खिडकीचा उजेड मास्तरांच्या गालावर सरळ पडला होता. इतक्या वर्षांत आपण मास्तरांना काम करताना समोरून पाहिलेच नाही, हे बाईंच्या ध्यानात आले. ते मशीनवर ओणवले होते, भुवया आक्रसल्या होत्या, आणि ओठांत टाचण्यांची एक ओळ घट्ट धरली होती. ओठ हलत नव्हते. त्यांनी एकदा डोळे वर केले, बाई बघताहेत असे पाहिले आणि एखाद्या नव्या नवरदेवासारखे लगबगीने खाली घातले. पाठीशी मनमोकळे बोलणारा माणूस चेहऱ्यासमोर बुजला होता.

पडद्यावर एक हाक आली. तिच्यामागून दुसरी. दोन्ही दूरच्या, दोन्ही भरघोस गुणांच्या. बाईंनी बोटे कळफलकावरून उचलली आणि हात मांडीवर ठेवले.

आणखी एक कॉलसाइन उमटले. मग पहिलेच पुन्हा, अधीरपणे, दोनदा. ओळी वर वर चढत गेल्या आणि पडद्याच्या काठावरून नाहीशा होऊ लागल्या. बाईंनी तिकडे पाहिले नाही. त्या समोर बघत राहिल्या, दूरध्वनी केंद्रात परगावच्या लाइनवर कोणी बोलू लागण्याची वाट पाहत बसत तशा, मान किंचित पुढे काढून.

मशीनचा पायटा मंदावला, थांबला. मास्तरांनी हात वर नेला. ओठांतली पहिली टाचणी काढली आणि गादीत खोचली. मग दुसरी. त्यांना घाई नव्हती. शेवटची टाचणी निघेपर्यंत पडद्यावरचे सारे जग ताटकळत राहिले.